आपल्याकडे असलं काही नाही

चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. अरुंद, लांबट, आगपेटीसारखं. पुढे काउंटर, मागे दोन मशिनं, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावलेली, एका माणसापुरती ट्रायलची जागा. शिवायचे सगळंच, पण नाव झालं ते कॉलरसाठी. वकील, बँकेतले साहेब, मोठ्या हॉटेलच्या दारात उभे राहणारे, लग्नाला उभे असलेले तरुण, सगळे त्यांच्याकडे यायचे. शर्ट म्हणजे कॉलर, बाकी सगळं तिला लटकवलेलं कापड, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक आत आलं की ते चेहरा नंतर बघत, आधी गळा बघत. मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "तुमची मान अंग चोरून बसलीय. तिला जरा बाहेर काढू." आणि काढली, खोटं कशाला बोलू.

माझे शर्ट त्यांनी बरीच वर्षं शिवले. पुढे जे सांगतो त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, काही त्यांच्या लेकीकडून कळलं, आणि उरलेलं मास्तरांनीच सांगितलं, अगदी शेवटी शेवटी, काउंटरवर कोपरं टेकून, फाटलेल्या आवाजात. मी विचारलं नव्हतं. त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. पण चारचौघांत आपण कसे दिसतो याची त्यांना फार काळजी. घरचा कपडा उसवलेला चालायचा नाही, बायकोनं दारात उभं राहून मोठ्यानं बोललेलं चालायचं नाही, आणि आजारपणाचं नाव तर चुकूनही काढायचं नाही. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. आधी आवाज बसला, मग खाणं उतरेना, मग गेले. घरात त्याला 'घसा धरला' एवढंच म्हणायचे, आणि तेही दार लावून.

त्यांना एक थोरली बहीण होती, ताई. ताईचं डोकं जरा मोठं. शाळेची टोपी तिच्या डोक्यात कधी बसली नाही, कडा उसवून आईला पट्टी जोडून द्यावी लागायची. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं 'मडकं'. त्या वयात भावंडं नावं ठेवतातच, पण हे नाव गल्लीनं उचललं, मग शाळेनं, आणि ताई शिकून नोकरीला लागली तरी काही लोक तिला त्याच नावानं ओळखायचे. खरं तर मास्तरांचंही डोकं तसंच होतं. पण ते मुलगा, त्यात केस दाट, कुरळे. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

ताई पोस्टात होती. एकटी राहायची, स्वतःच्या पगारावर. पन्नाशीच्या आतबाहेर असताना तिच्या गळ्यात गाठ निघाली. तिनं आरडाओरडा केला नाही, सुट्टी टाकली, जाऊन ऑपरेशन करून घेतलं आणि गळ्यावर आडवी शिवण घेऊन पुन्हा पोस्टाच्या खिडकीवर बसली. थायरॉईडचा कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला, निघून गेला. तिच्या डॉक्टरांनी तिचं डोकं मोजलं, तोंडावरचे बारीक दाणे पाहिले, रक्त तपासायला पाठवलं, आणि सांगितलं की हा दोष घराण्यातून आलेला आहे. सख्ख्या भावंडांनी आणि त्यांच्या मुलांनी तपासून घ्यायला हवं.

ते सांगायला ताई दुकानात आली. दुपारची, गिऱ्हाईक नसतानाची वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. मास्तरांच्या लेकीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. जावई इंजिनियर, घर मोठं, माणसं चौकस. मास्तर काजं करत होते. ताईनं सगळं समजावून सांगितलं, कागदावर दवाखान्याचं नावही लिहून दिलं. मास्तरांनी सुई खाली ठेवली नाही.

"ताई, तुझं झालं ते झालं," ते म्हणाले. "पण हे माझ्या घरात आणू नकोस. पोरीचं लग्न होऊ दे."

"लग्न झाल्यावर सांगशील तिला?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू. आणि तिच्याशी तू बोलू नकोस. मी तिचा बाप आहे, मी बघेन काय ते."

ताईनं शब्द दिला. म्हणाली, लग्न होईपर्यंत मी गप्प. त्यानंतरचं तुझ्यावर. दवाखान्याचा कागद मास्तरांनी काउंटरवरून उचलला, तो कुठे गेला ते त्यांना पुढे आठवेना. बहुतेक चिंध्यांबरोबर गेला.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण लग्नाच्या आधी त्यांनी ताईसाठी एक जाकीट शिवलं. कापड भारीतलं, निळं, आत रेशमी अस्तर. जीव ओतून शिवलेलं. फक्त कॉलर अशी उंच आणि बंद, की गळ्यावरची शिवण हनुवटीपर्यंत झाकली जावी. ते बायकोच्या हातून पाठवलं. बायको म्हणाली, "अहो, त्यांना वाईट वाटेल." मास्तर म्हणाले, भावानं बहिणीला कपडा दिला तर वाईट कसलं वाटायचं.

ताईनं जाकीट ठेवून घेतलं. लग्नाला आली नाही. ताप आहे असा फोन केला. मास्तरांनी पाहुण्यांना तेच सांगितलं, आणि त्यांना जरा मोकळंही वाटलं. हे 'मोकळं वाटलं' सांगताना मास्तरांनी माझ्याकडे पाठ केली होती, इस्त्रीची वायर गुंडाळण्याचं निमित्त करून.

लेक सासरी गेली, दुसऱ्या शहरात. ताईकडे जाणं-येणं थांबलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं थांबलं. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी मास्तरांनी लेकीला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असंही नव्हतं. त्यांनी ते मनातून काढूनच टाकलं होतं.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या गळ्यात गाठ आली.

दाढी करताना बोटाला लागली. कंठमण्याच्या डाव्या अंगाला, सुपारीएवढी, गिळलं की वरखाली होणारी. ती काय आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं, त्यांना कळायला काही अडचण नव्हती. त्यांनी तोंड पुसलं आणि दुकानात गेले. त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर मोकळ्या गळ्याचा शर्ट कोणी पाहिला नाही. कॉलरमध्ये ती ताठ ठेवणारं जाड बकरम, पट्टी बोटभर उंच, वरचं बटण लावलेलं. गिऱ्हाइकांना वाटलं, नवी फॅशन. दोघाचौघांनी तर तशीच कॉलर शिवून मागितली, आणि मास्तरांनी शिवून दिली. मीही त्यांतला एक.

दर काही महिन्यांनी ते स्वतःची कॉलर किंचित सैल करत. टेप मात्र कधी गळ्याभोवती घेतली नाही. अंदाजानंच. बायकोनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, वयाबरोबर मांस सुटतं, तुझं नाही का सुटलं. ती बिचारी ओशाळून गप्प बसली. बायकोला गप्प कसं करायचं हे त्यांना चांगलं जमायचं. दवाखान्यात गेलं, तर आधी ताईचं नाव निघणार. मग तिनं सांगितलेलं आपण दाबून ठेवलं हे निघणार. मग लेक, जावई, त्यांची माणसं. त्यापेक्षा कॉलर सोपी होती.

अशी काही वर्षं गेली. गाठ संथ होती, दुखत नव्हती. तेच तिचं वाईट. दुखली असती तर माणूस हलला असता.

लेकीला मुलगा झाला. नातू गुटगुटीत, हसरा, पण पोराचं डोकं मोठं. महिन्याच्या तपासणीला बाळांच्या डॉक्टरांनी टेप लावली, तक्त्यात पाहिलं, पुढच्या महिन्यात पुन्हा लावली. बाळ चांगलं आहे, म्हणाले, पण घरात कोणाचं डोकं मोठं होतं का, कोणाला थायरॉईडची गाठ, स्तनाची गाठ, असं काही होतं का, विचारून या. अशी डोकी कधी कधी घराण्यातल्या एका जनुकामुळे असतात, आणि तसं असेल तर मोठ्या माणसांनाही जपावं लागतं.

लेकीनं सासरी विचारलं. तिकडे काही नव्हतं. मग दुकानात फोन केला. मास्तरांपुढे तेव्हा एक वकीलसाहेब ट्रायलला उभे होते. फोन खांद्यावर धरून, तोंडात टाचण्या असताना ते बोलत होते. लेकीनं विचारलं, तशा त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"बाबा, आपल्याकडे कोणाला होतं का असं काही? नीट आठवा. बाळासाठी विचारतायत."

मास्तर म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही. डॉक्टर लोकांना काहीतरी विचारायचंच असतं. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवला आणि वकीलसाहेबांच्या कॉलरला टाचणी लावायला गेले, तर टाचणी कापडातून आरपार जाऊन साहेबांच्या मानेत टोचली. साहेब ओरडले. मास्तरांनी माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली, इतकी की साहेबच कानकोंडे झाले. मला सांगताना मास्तर म्हणाले, माफी त्या टाचणीची नव्हतीच. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला कापडाबद्दल खोटं बोललो असेन, पण पोरीला, आणि तेही तिच्या तान्ह्या पोराच्या बाबतीत. स्वतःच्या गळ्यात गाठ घेऊन बोललो हो मी ते.

लेक बापासारखी नव्हती. तिला आत्याचा चेहरा आठवला. लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून तिच्या गालावरचे दाणे मोजल्याचं आठवलं. लग्नाआधी घरात दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं, हेही आठवलं. तिनं आत्याचा नंबर शोधला, बाळ घेऊन गाडीत बसली आणि सरळ आत्याकडे गेली. ताईनं लग्नापर्यंत गप्प राहायचा शब्द दिला होता, आणि लग्न होऊन जमाना झाला होता. तिला वाटत होतं, भावानं केव्हाच सांगितलं असणार. भाची दारात उभी राहून 'तुला काही आजार होता का गं आत्या' असं विचारते आहे, हे ऐकून ती दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. मग आत घेतलं आणि सगळं सांगितलं.

लेक तिथून दुकानात आली. संध्याकाळ होती, दोन गिऱ्हाइकं काउंटरशी होती, त्यांतला एक मी. बाळ कडेवर झोपलेलं. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. काउंटरच्या फळीखालून आत शिरली, बापासमोर उभी राहिली आणि मोकळ्या हातानं त्यांच्या कॉलरचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. मास्तरांनी हात वर केले नाहीत. गाठ आता सुपारीएवढी राहिली नव्हती, एका अंगाला लिंबाएवढी फुगली होती, वरची कातडी ताणलेली. लेकीनं नुसतं पाहिलं.  आम्ही दोघं गिऱ्हाइकं आमच्या कापडाच्या पिशव्या तिथेच सोडून बाहेर पडलो. काचेतून मला मास्तर दिसले. ते आरशासमोर होते आणि आरशाकडे बघायचं टाळत होते. त्या अरुंद दुकानात ते सोपं नव्हतं.

दवाखान्यात लेकच घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. खणातून टेप काढली आणि मास्तरांच्या डोक्याभोवती धरली. जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्या माणसाचं डोकं पहिल्यांदा कोणी मोजत होतं. मग नाकाशेजारचे दाणे पाहिले, ज्यांना रोज दाढी करताना ब्लेड लागायचं. हिरड्या पाहिल्या. तळहात पाहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त बघायचं होतं.

रक्ताचा निकाल यायला वेळ लागला. दोष तोच, ताईचाच. लेकीला आणि नातवालाही तोच. डॉक्टरीणबाईंनी बापलेकींना समोर बसवून समजावलं. शरीरातल्या पेशींना वाढ म्हणून सांगणारी जनुकं असतात, तशी थांब म्हणून सांगणारीही असतात. थांब म्हणणाऱ्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. "तुम्हाला आणि तुमच्या बहिणीला जन्मापासून एकच धड प्रत मिळाली," त्या म्हणाल्या. "एकीवर भागतं, वर्षानुवर्षं भागतं. पण थायरॉईडच्या एखाद्या पेशीत ती उरलेली प्रतही निकामी झाली, की त्या पेशीला थांब म्हणणारं कोणी राहत नाही. गाठ तिथून सुरू होते."

मास्तरांनी विचारलं, ताईचंही असंच होतं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच. त्यांची गाठ तेवढ्यावरच असताना काढली.

ऑपरेशन लांबलं. गाठ आवाजाच्या एका शिरेला चिकटली होती, ती शीर वाचवता आली नाही. मास्तर शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या गळ्यातून कुजबुजीसारखा, वारा गळत असल्यासारखा आवाज निघाला आणि तो तसाच राहिला. काढलेली गाठ तपासायला गेली. निकाल सांगायला डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या तेव्हा लेक बाळाला पाजायला बाहेर गेली होती. त्या लेकीसाठी थांबणार होत्या, मास्तरांनीच मानेनं खूण केली, सांगा.

गाठीचा मोठा भाग संथ जातीचा होता, त्या म्हणाल्या. पण एका कोपऱ्यातल्या पेशी वेगळ्या निघाल्या. त्यांच्यात आणखी एक जनुक निकामी झालं होतं. मोडतोड झालेल्या पेशीला आवरणं, नाहीच आवरली तर तिला संपवणं, हे त्याचं काम. ते गेल्यावर बिघडलेल्या पेशी मरत नाहीत, वाढत राहतात, आणखी बिघडतात, आणि हळूहळू आपण थायरॉईडच्या पेशी आहोत हेच विसरतात. एरवी अशा आजारावर किरणोत्सारी आयोडीन देता येतं, कारण थायरॉईडची पेशी आयोडीन ओढून घेते. त्या कोपऱ्यातल्या पेशी ते ओढत नव्हत्या. आणि त्यांतल्या काही फुप्फुसापर्यंत गेल्याची शंका होती.

 मास्तरांनी कुजबुजत विचारलं, "हा दुसरा बिघाडही वडिलांकडून आला का?"

"नाही. तो गाठीतच झाला. गाठ वाढत राहते, पेशींतून नव्या पेशी होत राहतात, आणि कधी तरी चूक होते."

"म्हणजे तिला वेळ मिळाला म्हणून."

 डॉक्टरीणबाईंना गोड खोटं बोलता आलं असतं. "तसं म्हणता येईल," त्या म्हणाल्या. "कधी झालं हे खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पण लहान असताना काढली असती, तर शक्यता फार कमी होती."

मास्तर मला म्हणाले होते, पहिला बिघाड बापाचा. त्यात लाज कसली, तो बापालाही ठाऊक नव्हता. दुसरा माझा. तो मी स्वतः सांभाळला, कॉलर शिवून शिवून.

ताई भेटायला आली. लेकीनंच कळवलं होतं. ती आत आली तशी मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं. दुखतंय म्हणून नाही. ताई खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर घेऊन, पोस्टाच्या खिडकीवर बसायची तशी ताठ. खोलीत शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा रेडिओ चालू होता. बऱ्याच वेळानं मास्तर वळले. ताईच्या गळ्यावरची शिवण आता नुसती एक फिकट रेघ उरली होती. त्यांनी ती इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

"ताई, माफ कर," ते म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं.

ताई म्हणाली, "तुला मी लग्नाला नको होते, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण पोरीला सांगितलं नाहीस, ते मला सोडता येत नाही रे."

मास्तरांनी मान हलवली. ताई उठली नाही. तिनं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला, त्यांना ठसका लागला तसा पाठीवर हात ठेवला आणि तो काढून घेतला नाही. पण 'जाऊ दे' हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही, आणि मास्तरांनीही त्याची वाट पाहिली नाही.

औषधं सुरू झाली. नेहमीची नव्हेत, त्या बिघडलेल्या कोपऱ्यावरची, महिन्याच्या महिन्याला. काही काळ त्या औषधांनी आजार धरून ठेवला. मास्तर दुकानात यायला लागले. शिवणं कमी झालं, कापायचं काम दुसऱ्या कारागिराकडे दिलं. गिऱ्हाइकं आवाज ऐकून चमकायची. विचारलं, की मास्तर सरळ सांगायचे: "थायरॉईडचा कॅन्सर. लपवला होता." हे 'लपवला होता' ते दर वेळी जोडायचे, कोणी न विचारता. ऐकणारा कुठे बघावं ते न कळून कापडाकडे बघायचा.

मग त्यांनी एक काम अंगावर घेतलं. वडिलांच्या बाजूची चुलत भावंडं गावोगाव पसरलेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांनाही सांगायला हवं. लेक म्हणाली, मी फोन करते. मास्तर म्हणाले, फोनवर मी एकदा काय बोललो ते तुला माहीत आहे. मी जाऊन सांगतो. आवाज पुरायचा नाही म्हणून ताईला बरोबर यायला सांगितलं, सांगितलं म्हणजे विनवलं. ती आली. बसमध्ये दोघं शेजारी बसायची आणि फारसं बोलायची नाहीत.

एका चुलत भावानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि तपासून घेतो म्हणाला. घेतलं का, ते कळलं नाही. एका वहिनीनं दारातूनच सांगितलं, तुमचं दुखणं तुमच्यापाशी ठेवा, आमची पोरं धडधाकट आहेत. ताईचा चेहरा लाल झाला. मास्तरांना मात्र राग येईना. ते जिन्यात उभे राहून खालच्या मानेनं म्हणाले, वहिनी, मी पण असंच बोललो होतो, आता ऐका माझा आवाज कसा येतो. वहिनीनं दार लावलं. पण तिच्या सुनेनं मागच्या गॅलरीतून हाक मारून दवाखान्याचं नाव विचारून घेतलं. एका चुलत बहिणीच्या स्तनात गाठ निघाली, सुरुवातीची. तिचा नवरा ते कळवायला दुकानात आला आणि मास्तरांचे हात धरून रडला. मास्तर म्हणाले, त्या रडण्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. तो माझे आभार मानत होता. ताईनं हेच सांगितलं तेव्हा मी सुईसुद्धा खाली ठेवली नव्हती.

लेकीच्या थायरॉईडमध्ये दोन बारीक गाठी निघाल्या. वाईट नव्हत्या, पण डॉक्टरीणबाईंनी नजर ठेवायचं ठरवलं, आणि वर्षभरानं एक वाढायला लागली तशी थायरॉईड काढून टाकली. तिची शीर वाचली, आवाज शाबूत राहिला. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, वर्षाला तपासण्या करायच्या, बस. नातू मोठा होतोय. त्याचं थायरॉईड दर वर्षी सोनोग्राफीत बघतात, आणि का बघतात हे त्याला त्याच्या वयाला समजेल असं आई सांगते. जावई आणि त्यांची माणसं, ज्यांच्या नजरेला मास्तर एवढे घाबरत होते, त्यांनी एकदाही वेडावाकडा शब्द काढला नाही. जावई तर प्रत्येक तपासणीला बरोबर असायचे. मास्तरांना तेही सोसायला जड गेलं. ज्यांच्या भीतीनं सगळं केलं ती माणसं तशी नव्हतीच, हे समजल्यावर हातात दाखवायला निमित्तसुद्धा उरलं नाही.

पुढे औषध चालेनासं झालं. फुप्फुसातले ठिपके वाढले. मास्तर घरीच राहू लागले, खिडकीशी खुर्ची टाकून. बायको आता त्यांना गप्प करू द्यायची नाही. मनात येईल ते बोलायची, दारात उभी राहून मोठ्यानंही बोलायची, आणि ते ऐकून घ्यायचे. लेक दर आठवड्याला येत होती, मग बापाच्याच घरी येऊन राहिली.

एका दुपारी ती त्यांना चमच्यानं पातळ काहीतरी भरवत होती. दोन घास गेल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, "तुला अजून राग आहे का माझा?"

 लेक मला नंतर म्हणाली, सोपं होतं हो नाही म्हणणं. समोर माणूस तसा बसलेला. पण आमच्या घरात खोटं बोलून काय झालं ते मी पाहिलं होतं.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "बाळाकडे बघितलं की येतो."

 मास्तरांनी मान डोलावली. मग तोंड उघडलं, पुढच्या चमच्यासाठी, आणि तिनं भरवलं. उरलेलं सगळं त्यांनी त्या दिवशी संपवलं.